औषधाबरोबरचे लेखन : वैद्याचे एक दुर्लक्षित कर्तव्य

चिकित्सेचे चतुष्पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले आहेत. वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण हे ते चार पाद होत. रुग्णाचे जे चार गुण चरकाचार्यांनी सांगितले आहेत, त्यांत स्मृती आणि निर्देशकारित्व हे दोन आरंभी येतात. सांगितलेले रुग्णाच्या लक्षात राहावे आणि त्याप्रमाणे त्याने वागावे, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु निर्देशकारी रुग्णास निर्देश कळला पाहिजे, ही त्यातील गृहीत अट आपण फारशी विचारात घेत नाही. चिठ्ठीवरील अक्षर लागत नसेल, पुडीवर नाव नसेल, बाटलीवरील सूचना रुग्णास न येणाऱ्या भाषेत असेल, तर आज्ञाधारक रुग्णाने नेमके काय करावे?

रुग्ण बरा झाला नाही की आपण निदानाचा फेरविचार करतो, द्रव्याच्या शुद्धतेविषयी शंका घेतो, रुग्णाने पथ्य पाळले नसावे असेही म्हणतो. आपण लिहून दिलेले त्याने कसे वाचले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. चिठ्ठी, पुडी, लेबल, माहितीपत्रक आणि अलीकडच्या काळात संकेतस्थळ, या सर्व ठिकाणी केलेले लेखन हा औषधयोजनेचाच भाग आहे. त्यात राहिलेला दोष मात्रेतील दोषाइतकाच गंभीर मानला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चिठ्ठी कोण वाचतो?

उमरी हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असून नांदेडहून मुदखेड, धर्माबादमार्गे निजामाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. येथे व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे आसपासच्या खेड्यांतील मराठी भाषक रुग्ण येतात, धर्माबादच्या बाजूचे तेलुगू भाषक येतात, उर्दू बोलणारे येतात. पेरणी किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत एकदा येऊन गेलेला रुग्ण महिना महिना पुन्हा दिसत नाही. तोवर त्याचा आणि वैद्याचा संबंध त्याच्या खिशातील कागदापुरताच असतो.

हा कागद पुष्कळदा रुग्ण स्वतः वाचत नाही. आजीची चिठ्ठी शाळेत जाणारा नातू वाचून दाखवितो, आणि पतीच्या औषधाच्या वेळा पत्नी सांभाळते. म्हणजे आपले लेखन ज्याच्या हाती पडते, त्याने आपले बोलणे ऐकलेलेच नसते. चिकित्सालयात आपण दोन मिनिटे समजावून सांगितले होते, हा युक्तिवाद त्या नातवाच्या उपयोगाचा नाही. यास्तव आम्ही एक साधा निकष सुचवितो. आपली चिठ्ठी पाचवीतील मुलाला अडखळल्याविना वाचता आली पाहिजे, आणि ती ऐकून घरातील माणसाला औषध देता आले पाहिजे.

शास्त्रातील लेखनविचार

असा निकष लावणे म्हणजे पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्रातून काही उसने आणणे होय, असे कोणास वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. तंत्र कसे लिहावे आणि कसे वाचावे, याचा विचार आपल्या संहितांइतका बारकाईने फार थोड्या शास्त्रांत झाला असेल. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात छत्तीस तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बत्तीस आहेत. कौटिलीय अर्थशास्त्राच्या शेवटच्या अधिकरणातही बत्तीस आहेत. अध्ययनासाठी ग्रंथ कसा निवडावा हे सांगताना चरकाच्या विमानस्थानात ग्रंथाचे जे गुण दिले आहेत, त्यांत पुनरुक्ती नसणे, शब्द क्लिष्ट नसणे, अर्थ क्रमाने येणे, प्रकरणांची सरमिसळ नसणे, अर्थ चटकन कळणे आणि लक्षण-उदाहरणांची जोड असणे यांचा समावेश आहे. आज ज्याला उपयोगसुलभता म्हणतात, तिचे बहुतेक घटक या यादीत सापडतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९८ साली (सुधारित आवृत्ती २०१८) उपयोगसुलभतेची व्याख्या करताना परिणामकारकता, कार्यक्षमता आणि वापरणाऱ्याचे समाधान या तीन गोष्टी धरल्या. ग्रंथ 'आशुप्रबोधक' असावा ही अपेक्षा त्याहून वेगळी नाही.

मात्र तंत्रयुक्तींचा उपयोग करताना एक विवेक ठेवावा लागतो. 'वाक्यशेष' या युक्तीत वाक्यातील एखादे पद गाळलेले असते आणि वाचकाने ते भरून घ्यावयाचे असते. 'ऊह्य' या युक्तीत न सांगितलेली गोष्ट बुद्धीने जाणून घ्यावयाची असते. गुरुमुखातून शास्त्र शिकलेल्या वाचकासाठी हे योग्यच होते. त्यामुळे ग्रंथ संक्षिप्त राहिला. रुग्ण मात्र शास्त्र शिकलेला नाही. चिठ्ठीवर आपण 'महासुदर्शन, एक चमचा, दोन वेळा' असे लिहितो तेव्हा चूर्ण की काढा, कोणता चमचा, कोणत्या दोन वेळा, कशाबरोबर आणि किती दिवस, हा सर्व वाक्यशेष आपण रुग्णावर सोपवितो. तो भरून काढणे त्याचे काम नव्हे.

याउलट काही युक्ती रुग्णासाठीच्या लेखनात आवर्जून वापराव्यात. आधी थोडक्यात सांगून मग विस्तार करणे, म्हणजे उद्देश आणि निर्देश. औषध कशासाठी आहे हे सांगणारे प्रयोजन. असे करावे आणि असे करू नये हे सांगणारा उपदेश. आणि हे अवश्य करावे असे निश्चयाने सांगणारा नियोग. 'विकल्प' मात्र टाळावा. 'मधातून किंवा तुपातून किंवा कोमट पाण्यातून' असे लिहिले म्हणजे रुग्ण घरात जे असेल ते घेतो, आणि अनुपानाचा आपला सर्व विचार वाया जातो. आपल्याला जे अनुपान अभिप्रेत असेल, तेवढेच लिहावे.

'स्वसंज्ञा' ही युक्ती तर विशेष सांभाळण्याची आहे. शास्त्राच्या स्वतःच्या संज्ञा व्यवहारात वेगळ्या अर्थाने रूढ झालेल्या असतात. 'पित्त' या शब्दाने आपणास दोष अभिप्रेत असतो. रुग्णास 'पित्त झाले' म्हणजे घशाशी आंबट येणे वाटते, आणि 'पित्त उठले' म्हणजे अंगावर गांधी येणे. 'रस' म्हणजे आपल्या दृष्टीने रसौषधी. रुग्ण लक्ष्मीविलास रसाची बाटली शोधतो. 'हलका आहार घ्यावा' या सूचनेचा अर्थ प्रत्येक घरी निराळा होतो. त्याऐवजी 'मुगाचे वरण, ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी चालेल. उडीद, तळलेले पदार्थ आणि दही आठ दिवस नको' असे लिहिले तर अर्थाला दुसरी वाट राहत नाही.

चिठ्ठी कशी असावी?

प्रथम नावाविषयी. औषधाचे नाव संक्षेपाने लिहिण्याची सवय आपल्या व्यवसायात खोलवर रुजली आहे. ती सोडली पाहिजे. 'योगराज' असे लिहिल्यास औषधालयातून योगराज गुग्गुळ मिळेल किंवा महायोगराज गुग्गुळ मिळेल. पहिल्यात काष्ठौषधींचे प्राधान्य आहे, तर दुसऱ्यात रससिंदूर आणि धातूंची भस्मे आहेत. 'मालिनी वसंत' एवढेच लिहिल्यास लघु की सुवर्ण हे विक्रेत्याच्या तर्कावर राहते. 'चंद्र.' या दोन अक्षरांतून चंद्रप्रभा वटीही निघते आणि चंद्रकला रसही निघतो. नाव पूर्ण लिहावे, कल्पाचा प्रकार लिहावा, आणि ग्रंथभेदाने पाठभेद असेल तर ग्रंथाधारही लिहावा. औषधालय चालकांनीही अशा अर्धवट नावावर तर्क न करता वैद्यास विचारून घेण्याचा परिपाठ ठेवावा. त्यात वैद्याचा अवमान नाही.

दुसरी गोष्ट मात्रेची. तोळा हे माप घेतले तर आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडियामध्ये ते १२ ग्रॅम धरले आहे, जुन्या बाजारात ते सुमारे ११.६६ ग्रॅम होते, आणि आजचा सराफ १० ग्रॅमचा तोळा मोजतो. शार्ङ्गधराने मागध आणि कालिंग अशी दोन माने सांगितली आहेत. द्रवद्रव्यांच्या बाबतीत कुडवापासून पुढे द्वैगुण्याचा नियम लागतो. निर्माणशाळेतील कारागिरास लिहून द्यावयाच्या कृतीत ही सर्व माने ग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये करूनच लिहिली पाहिजेत. द्रव दुप्पट घ्यावयाचा की तो आधीच दुप्पट करून लिहिला आहे, हा प्रश्न कारागिरास पडता कामा नये.

रुग्णाच्या बाबतीत अडचण चमच्याची असते. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा मानतात, पण घरोघरी चमचे निरनिराळे असतात. शीग लावून घेतलेला चमचा आणि सपाट चमचा यांत मोठा फरक पडतो. एकाच चमच्यात मावणाऱ्या त्रिफळा चूर्णाचे आणि लवणभास्कर चूर्णाचे वजनही सारखे येत नाही. यास्तव चूर्ण शक्यतो वजन केलेल्या पुड्यांत द्यावे, आणि द्रव औषधाबरोबर खुणा असलेली मोजपट्टीची टोपी द्यावी. आसवारिष्टे समभाग पाण्यातून घ्यावयाची असल्यास 'तीन चमचे औषध आणि तीन चमचे पाणी' असे शब्दांत लिहावे. 'समभाग जल' या शब्दप्रयोगाने काम भागत नाही.

तिसरी गोष्ट काळाची. सुश्रुताने औषधसेवनाचे दहा काळ सांगितले, त्या सूक्ष्मतेचा आपणास अभिमान आहे. परंतु चिठ्ठीवर 'प्राग्भक्त' किंवा 'अधोभक्त' लिहिल्याने ती सूक्ष्मता रुग्णापर्यंत पोचत नाही. 'रिकाम्या पोटी' या शब्दांचाही अर्थ चहा घेतल्यानंतर असा करणारे पुष्कळ आहेत. शेतावर जाणाऱ्या माणसाचे सकाळचे जेवण कोठे होते, किती वाजता होते, हे विचारून त्याच्या दिनक्रमाच्या भाषेत वेळ लिहावी. १-०-१ ही पद्धत शहरी रुग्णाच्या अंगवळणी पडली आहे. प्रथमच औषध घेणाऱ्या वृद्धास ती कोडे वाटते. सूर्य-चंद्राची चित्रे छापणे चांगले, परंतु चंद्राच्या चित्रावरून जेवणानंतर की झोपताना हे कळत नाही. चित्रास शब्दांची जोड हवी.

उदाहरणादाखल पुढील चिठ्ठी पाहावी. मात्रा प्रत्येकाने आपापल्या विचाराने ठरवावी. येथे केवळ लेखनाची रीत दाखविण्याचा हेतू आहे.

नेहमीची रीत अशी: 'महासुद. १ च. २ वेळा, कोष्ण जल. आरोग्य. २ बी.डी. भोजनोत्तर. पथ्य.'

आमच्या मते ती अशी असावी: 'तापासाठी: महासुदर्शन चूर्ण. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, एक पुडी. संध्याकाळी दिवेलागणीला एक पुडी. अर्धा पेला कोमट पाण्यातून. भूक आणि पचनासाठी: आरोग्यवर्धिनी गोळी. दुपारच्या जेवणानंतर एक, रात्रीच्या जेवणानंतर एक. साध्या पाण्याबरोबर. दोन्ही औषधे सात दिवस. ताप वाढला किंवा उलट्या सुरू झाल्या तर औषध थांबवून त्याच दिवशी यावे. बरे वाटले तरी आठव्या दिवशी दाखवावे.'

दुसरी चिठ्ठी लांब आहे हे खरे. पण तिचा बराचसा भाग आधीच छापून ठेवता येतो, आणि वैद्याने फक्त नाव, संख्या व दिवस भरावयाचे राहतात. कोणत्या लक्षणानंतर औषध थांबवावे आणि कधी परत यावे, ही दोन वाक्ये आपल्याकडील चिठ्ठ्यांत फार क्वचित आढळतात. खेड्यापाड्यांतील रुग्णास त्यांचीच सर्वाधिक गरज असते.

पुडी आणि लेबल

औषधद्रव्ये व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याखालील नियमांतील नियम १६१ प्रमाणे तयार आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर घटकद्रव्यांची यादी, निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख इत्यादी मजकूर देणे बंधनकारक आहे. अनुसूची ई(१) मधील द्रव्ये, म्हणजे बचनाग, कुचला, भिलावा, धोत्रा, जमालगोटा, पारद, हरताळ, हिंगूळ यांसारखी द्रव्ये, पोटात घेण्याच्या औषधात असतील तर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सावधगिरीची सूचना ठळकपणे द्यावी लागते. ही सूचना इंग्रजी व हिंदी या दोन भाषांत असावी असे नियम सांगतो. मराठीचे बंधन त्यात नाही. म्हणून कायद्याची पूर्ण पूर्तता करणारे लेबल उमरीच्या बाजारातील अनेक ग्राहकांच्या दृष्टीने न वाचलेलेच राहते. तीच सूचना मराठीत, आणि सीमेलगत तेलुगूतही, अधिक छापण्यास कायद्याची आडकाठी नाही. लहान निर्माणशाळांच्या चालकांनी हा खर्च वाया जाणारा समजू नये. मोठ्या बाटलीस बसेल ते टंक आकारमान लहान डबीवरही दाबून बसविण्याऐवजी डबीबरोबर वेगळा कागद द्यावा.

याहून नाजूक प्रश्न पुडीचा आहे. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास निर्मिती परवान्याच्या तरतुदीतून कायद्याने सूट दिली आहे. हा आपल्या परंपरेचा सन्मान आहे. पण या सुटीबरोबर लेबलची सवयही सुटली. पांढऱ्या कागदातील बिननावाची पुडी ही आपल्या व्यवसायाची जणू ओळखच झाली आहे. पुडीवर नाव लिहिले तर रुग्ण पुढच्या वेळी परस्पर औषधालयातून तेच घेईल, ही भीती यामागे पुष्कळदा असते. व्यावसायिकदृष्ट्या ती समजण्याजोगी आहे. परंतु रात्री त्या रुग्णास अचानक त्रास झाला, त्यास नांदेडच्या रुग्णालयात नेले, आणि तेथील डॉक्टरांनी 'काय घेतले होते?' असे विचारले, तर नातेवाइकांच्या हातात बिननावाची पुडी असते. औषधाचा त्या त्रासाशी काही संबंध नसला तरी संशय औषधावर, आणि औषधाबरोबर संपूर्ण आयुर्वेदावर जातो. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. शोधित-मारित रसकल्पांविषयीची आपली बाजू आपण शास्त्राधाराने मांडू शकतो. पण कशात काय आहे हे लिहिलेलेच नसेल, तर ती बाजू मांडावयास आधार कोठून आणावयाचा?

वनस्पतींच्या नावांविषयीही असेच म्हणता येईल. गुडूची, गुळवेल, गिलोय, तेलुगूतील तिप्पतीगा ही सर्व नावे एकाच वेलीची आहेत. तरीही २०२२ साली गुळवेलीमुळे यकृतास अपाय होतो अशा बातम्या आल्या, तेव्हा केंद्रीय आयुष मंत्रालयास खुलासा करावा लागला की, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही औषधी गुळवेल सुरक्षित असून टिनोस्पोरा क्रिस्पासारखी दिसावयास जवळची जात अपायकारक असू शकते. लेबलवर लॅटिन नाव आणि वापरलेला भाग लिहिणे हा केवळ परवान्याचा उपचार नव्हे, हे या प्रसंगाने दाखवून दिले. पुडीवर मात्र इतके लिहिण्याची गरज नाही. कल्पाचे नाव, वजन, तयार केल्याची तारीख, रुग्णाचे नाव आणि वैद्याचा दूरध्वनी क्रमांक, एवढ्या पाच गोष्टींचा शिक्का किंवा छापील चिकटपट्टी पुरेशी आहे.

संकेतस्थळाविषयी

अनेक वैद्यांनी आणि औषधालयांनी आता स्वतःची संकेतस्थळे तयार केली आहेत. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु त्यांपैकी बरीच पाहिली असता असे दिसते की ती रुग्णासाठी नसून चालकाच्या गौरवासाठी रचलेली असतात. पहिल्या पानावर धन्वंतरीचे भव्य चित्र, सरकणारी अक्षरे, सत्कारांची छायाचित्रे. आणि चिकित्सालय कोणत्या वारी बंद असते, ही माहिती मात्र कोठेच नाही. रुग्ण संकेतस्थळावर चार गोष्टी शोधतो: वैद्य कोण व त्याची पात्रता काय, ठिकाण कोठे, वेळ कोणती, दूरध्वनी कोणता. या चारही गोष्टी पहिल्या पानावर, न सरकविता, मोबाइलच्या पडद्यावर दिसल्या पाहिजेत. आपल्या भागात संकेतस्थळ संगणकावर पाहणारे थोडे आणि मोबाइलवर पाहणारे फार, हे रचनाकारास प्रथमच बजावून सांगावे.

मजकूर युनिकोड देवनागरीतच असावा. जुन्या पद्धतीच्या टंकात केलेली मराठी दुसऱ्याच्या यंत्रावर चिन्हांचा गोंधळ होऊन उमटते आणि शोधयंत्रास ती सापडत नाही. मजकुराचे छायाचित्र करून टाकले तरी हीच अडचण येते; शिवाय अंधांसाठीच्या वाचन-प्रणालीस ते वाचता येत नाही. जागतिक वेब संघटनेच्या सुलभता मार्गदर्शिकेत सामान्य आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजळपणाचा भेद किमान ४.५ : १ असावा असे सांगितले आहे. फिकट हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे ही आपल्या संकेतस्थळांवरील आवडती रंगसंगती या कसोटीस उतरत नाही.

शब्दयोजनेत रुग्णाचा शब्द आधी आणि शास्त्राचा शब्द नंतर यावा. रुग्ण 'अर्श' शोधत नाही, 'मूळव्याध' शोधतो. 'अश्मरी' नव्हे तर 'मूतखडा', 'श्वेतप्रदर' नव्हे तर 'अंगावरून पांढरे जाणे'. शास्त्रीय संज्ञा त्यापुढे द्यावी, म्हणजे ज्ञानही होईल. इतर भाषांसाठी यांत्रिक भाषांतर वापरणे सोपे झाले आहे, पण ते त्या भाषेच्या जाणकारास दाखविल्याविना प्रसिद्ध करू नये. 'रस' या शब्दाचा फळांचा रस होण्यास तेथे वेळ लागत नाही.

दाव्यांविषयी एकच सांगावयाचे आहे. औषधे व जादूटोणाविषयक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा, पक्षाघात, अपस्मार इत्यादी विकार आहेत, आणि ते बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात निषिद्ध आहे. या कायद्यातील 'जाहिरात' या शब्दाच्या व्याख्येत परिपत्रक, लेबल आणि वेष्टनही येते. 'मुळापासून', 'हमखास', 'शंभर टक्के' हे शब्द आपल्या लेखनातून कायमचे गेले तर कायद्याचीही भीती राहणार नाही, आणि वाचकाचा विश्वासही वाढेल.

लिहिल्यानंतरची परीक्षा

लेखन चांगले झाले की नाही, हे लिहिणाऱ्यास कळत नाही. ज्याच्यासाठी लिहिले, त्याच्याकडूनच ते कळते. उपयोगसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली असे प्रतिपादन केले की केवळ पाच व्यक्तींकडून चाचणी घेतली तरी रचनेतील बहुतांश दोष उघड होतात. ही गोष्ट लहान चिकित्सालयास सहज शक्य आहे. नवी छापील चिठ्ठी किंवा नवे लेबल तयार झाले की ते पाच रुग्णांच्या हाती द्यावे. 'समजले ना?' असे विचारू नये. आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर आदरापोटी 'हो डॉक्टरसाहेब' असेच येते. त्याऐवजी 'मावशी, उद्या सकाळी उठल्यावर यातले काय, किती आणि कशातून घ्याल, मला सांगा बरे' असे विचारावे. त्या जेथे थांबतील किंवा चुकतील, तेथे दोष लेखनाचा आहे असे समजून वाक्य बदलावे. संकेतस्थळाच्या बाबतीत घरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीच्या हाती मोबाइल देऊन चिकित्सालयाची वेळ शोधावयास सांगावी आणि आपण गप्प राहून पाहावे.

काही आक्षेप

यावर आमच्या व्यवसायबंधूंचे काही आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप वेळेचा. गर्दीच्या दिवशी एवढे लिहिणे शक्य नाही, असे म्हटले जाईल. छापील नमुन्याने त्याचे निरसन होते. शिवाय अर्धवट चिठ्ठीमुळे परत येणाऱ्या रुग्णास आणि दूरध्वनीस जो वेळ जातो, तोही हिशेबात धरावा. दुसरा आक्षेप असा की, आपली परंपरा गुरुमुखाची आहे, कागदाची नव्हे. परंतु १९०७ साली नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घालणारे वैद्य शंकर दाजी शास्त्री पदे यांनी 'आर्यभिषक्' हा ग्रंथ मराठीत लिहिला, तो वैद्यकाचे ज्ञान सामान्य वाचकाच्या भाषेत पोचावे म्हणूनच. सोपे लिहिल्याने शास्त्र उथळ होत नाही. तिसरा आक्षेप गुप्त योगांचा आहे, आणि तोच खरा अवघड आहे. वैद्याने आपल्या अनुभवाचा लाभ स्वतःकडे ठेवावा, यात गैर नाही. मात्र रुग्णाच्या पोटात काय गेले हे जाणण्याचा रुग्णाचा हक्क त्याहून वरचा आहे. योगाचे प्रमाण आणि कृती आपल्याकडे ठेवूनही नाव आणि मुख्य घटक लिहिता येतात. जो वैद्य नाव लिहून देतो, त्याच्याकडे रुग्ण निदानासाठी आणि मात्रेसाठी परत येतो. केवळ नाव माहीत नाही म्हणून परत येणाऱ्या रुग्णावर व्यवसाय फार काळ उभा राहत नाही.

एक सूचना

सबब आमची सूचना अशी आहे. संघटनेच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शाखांनी मिळून चिठ्ठीचा आणि पुडीवरील चिकटपट्टीचा एकेक सामाईक नमुना तयार करावा. तो मराठीत असावा, आणि तेलुगू व उर्दू आवृत्त्या त्या त्या भाषेच्या वैद्यांकडून तपासून घ्याव्यात. नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातील आंतरवासीय विद्यार्थ्यांनी तो रुग्णांच्या हाती देऊन वर सांगितलेल्या रीतीने पारखावा, म्हणजे भैषज्यकल्पनेच्या अभ्यासास एक नवे अंग मिळेल. औषधालय चालकांनी सामाईक छपाई केल्यास खर्चही कमी येईल.

नमुना तयार होईपर्यंत वाट पाहण्याचेही कारण नाही. पूर्ण नाव, वजनातील मात्रा, दिनक्रमाच्या भाषेतील वेळ, एकच अनुपान, थांबण्याची खूण आणि परत येण्याचा दिवस, या सहा गोष्टी कोणत्याही कोऱ्या कागदावर उद्यापासून लिहिता येतील. निर्देशकारी रुग्ण हवा असेल, तर त्यास कळेल असा निर्देश देणे हे भिषक् या पहिल्या पादाचे काम आहे. सुज्ञ वाचकांनी या दृष्टीने आपली आजचीच एक चिठ्ठी पुन्हा वाचून पाहावी, एवढीच विनंती.